शेषाबाईच्या नावाचे तांदूळ

जळकोटच्या फाट्यावर उमरग्याची एसटी धरली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि एक कागद होता. त्या कागदाच्या जोरावर एका कुटुंबाला सास्तुरातून उठवता येईल हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला लिहू, मला त्याचा आनंद होत होता.

तुम्ही आमच्या पत्रकाचे जुने वाचक आहात, तेव्हा आमचं घर तुम्हाला माहीत आहे. मी बाराखडी शिकले ती वडिलांच्या टेबलावरच्या पत्रकांवर. 'कुणाला विचारून?' हे दोन शब्द आमच्याकडे येता-जाता कानावर पडतात. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तो भर उन्हात, चार लोकांसमोर, स्वतः ठरवून. माणसाने धर्म बदलावा तर असा, यावर मी वाढले. म्हणून गेल्या अंकात मी 'परदेशी मिशनरी सास्तुरात काय करतात?' हे टिपण लिहिलं. ते लिहिताना मी सास्तूरला गेले नव्हते.

टिपण वाचून पुण्याच्या एका ओळखीच्या मुलीने मला एक पान पाठवलं. मिझोरमच्या चर्चची इंग्रजी पत्रिका होती. त्यांचे प्रचारक देशभर गेलेले आहेत. ते घरी पत्रं लिहितात, आणि कुणासाठी प्रार्थना करायची त्याची यादी पत्राखाली देतात. सास्तूरहून आलेल्या पत्राखाली असं होतं : 'आमची घरमालकीण शेषाबाई हिच्यासाठी प्रार्थना करा. भूकंपात हिने मुलाला उचललं आणि मुलगी आत राहिली. मुलगी हाका मारत होती. हे शेषाबाईने कुणालाही सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. तिच्या मनात अंधार आहे.'

यातल्या 'अंधार' या शब्दाखाली मी लाल पेनाने तीन रेघा ओढल्या होत्या. आमची माणसं अंधारात आणि हे दिवा घेऊन आले! येत्या अंकाचं पहिलं पान या पत्राचं, असं ठरलं होतं. अंधाराच्या आधीचं वाक्य मी वाचलं होतं, पण त्यावर माझी नजर थांबली नव्हती.

उमरग्यात गाडी बदलली. ज्वारी कंबरेच्या वर आली होती, मधूनमधून करडईचे पिवळे पट्टे होते. वाटेत गाडीचं चाक बसलं. कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं आणि स्वतः बांधावर बसून शेंगा खायला लागला. शेवटी एका टमटममध्ये पोत्यांवर बसून मी सास्तुरात पोचले. अंगभर धूळ, आणि ओढणीला कुणाच्या तरी लोणच्याचा डाग.

स्टँडवर चहा घेताना मी घोटाळा केला. चहावाल्याने कुणाकडं जायचं विचारलं, आणि मी तोऱ्यात सांगून बसले की मिशनऱ्यांच्या घरमालकिणीचं नाव त्यांच्या पत्रिकेत छापून आलंय, त्याची चौकशी करायला आलेय.

"म्हंजी शेषाबाईचं?" तो म्हणाला. "दत्ताच्या आईचं?"

मी मान हलवली. मी पाठ फिरवायच्या आत त्याने फोन कानाला लावला होता.

भूकंपानंतर वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येकाने मागून आपापल्या परीने वाढवलेली. शेषाबाईच्या पक्क्या घरात मिझो कुटुंब भाड्याने राहतं. शेषाबाई मात्र अंगणात, पत्र्याच्या शेडात. दत्ता आणि त्याची बायको मागच्या खोलीत. भिंतीखाली झोपायचं नाही, असं म्हातारीचं म्हणणं आहे, आणि या गावात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

दारात सातेक वर्षांची मुलगी चिंचोके मोजत बसली होती. डोळे बारीक, बोली अस्सल सास्तुरी. "मावशी, चप्पल तिकडं काढा, इथं लेकरं बसत्यात." लेकरं म्हणजे आत चालणारी बालवाडी. तिची आई पुई बाहेर आली, वडील थांगा मागोमाग. गाव त्यांना पुईताई आणि सर म्हणतं. मी बसायच्या आधीच विचारलं, तुम्ही कुठल्या देशाचे?

"भारत," पुई म्हणाली. "आधार कार्ड दाखवू का?"

ती हसली नाही, मीही हसले नाही. गेल्या अंकातलं माझं शीर्षक मला टोचत होतं.

मी कागद पुढे ठेवला. पुईने तो ओळखला. तिचा हात तोंडावर गेला. थांगा म्हणाला, "पत्रावर सही माझी आहे."

"लिहिलं मी," पुई म्हणाली.

मग मी वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं बोलले. आमच्या बायांची दुःखं तुमच्या पत्रांचा माल आहेत का? शेषाबाईला विचारलं होतं का? पुई ऐकत राहिली. तिचं उत्तर मला अजून पटत नाही, पण ते जसं आहे तसं लिहिते. तिच्या गावी प्रत्येक घरात चूल पेटवण्याआधी बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. त्याला बुहफाइ थाम (मूठभर तांदूळ) म्हणतात. ते तांदूळ चर्चमध्ये जमा होतात, आणि ते विकून आलेल्या पैशावर ही कुटुंबं लांब लांब पाठवली जातात. ज्या बाया मूठ काढतात, त्या विचारतात, तिकडं कोण आहे? कुणाच्या नावानं काढू?

"बिननावाची मूठ कशी काढायची?" पुई म्हणाली. "त्यांना माणूस लागतं. मी शेषाबाईचं नाव दिलं. मला तीच जवळची होती."

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. पाठोपाठ आणखी दोन. दत्ता आत आला. पस्तिशीच्या आतबाहेरचा, हातावर ट्रॅक्टरचं काळं ऑइल. बरोबरचे तिघं फाटकाशीच उभे राहिले. शेडात तूर निवडत बसलेली शेषाबाई सुपासकट उठून आली.

दत्ता पुईशी बोलला नाही, माझ्याकडं वळला. गावात काय काय चाललंय ते त्याने थोडक्यात सांगितलं. आई रविवारी यांच्या गाण्यांना बसते, म्हणून लोक आधीच बोलत होते. आता तिचं नाव छापून आलं म्हणजे तिला बाटवली, असं पसरलंय. तसं असेल तर हे लोक आज संध्याकाळच्या आत खोली सोडतील. फाटकावरची पोरं त्यासाठीच आली होती.

"आईचं नाव हाय ना त्यात?" तो म्हणाला. "मला विंग्रजी येत न्हाय. वाचून दाखवा, ताई."

"धर्म बदलल्याचं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मग वाचा की."

मी कागद हातात घेतला. तो वाचला असता तर पुई आणि थांगा आरोपातून सुटले असते. शेषाबाई बाटली नाही याचा तोच पुरावा होता. पण ते वाक्य दत्ताने माझ्या तोंडून ऐकलं असतं, फाटकावर तीन माणसं कान देऊन उभी असताना. नाही वाचला तर संध्याकाळपर्यंत या घरातलं सामान रस्त्यावर. खोटंच काही वाचावं, असंही क्षणभर मनात आलं. मी छापील काय, तोंडीही खोटं सांगत नाही असा मला गर्व होता. मी शेषाबाईकडं पाहिलं. तिच्या हातातलं सूप कलंडलं होतं, तूर पायावर पडत होती. पुईच्या तोंडाकडं पाहूनच कागदात काय आहे ते तिला कळलं होतं.

मी कागद तिच्या हातात दिला. "नाव तुमचं आहे, मावशी. काय करायचं ते तुम्ही सांगा."

तिने सूप खाली ठेवलं, कागदाची उभी-आडवी घडी केली आणि कनवटीला खोचली. मग पुईकडं वळली. आवाज चढला नव्हता.

"पुई, म्या तुला तुझ्या देवाला सांगाय सांगितलं व्हतं. आमच्या देवाला इचारलं, त्यो काय बोलला न्हाय. म्हनलं, तुझा तरी काय म्हनतोय बघावं. गावाला सांगाय कवा सांगितलं?"

पुई खाली बसली, तिच्या पायाशी. शेषाबाईने तिला हात लावला नाही, दूरही केलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती.

"आन् तू गं पोरी? तू कुनाला इचारून आनलंस?"

आमच्या घरचे शब्द. मी ते आजवर दुसऱ्यांनाच विचारत आले होते. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"दत्त्या, गाडी काढ. जुन्या गावाला जायाचंय."

"आत्ता? तिथं काय हाय आता? बाभळी हायत."

"तिसावर वर्सं झाली. आजून किती थांबू?"

तो काहीतरी बोलणार होता, पण आईचं तोंड बघून त्याने किल्ली काढली. ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून मागं बसली. फाटकावरच्या तिघांनी वाट दिली, पण हलले नाहीत.

मग आम्ही वाट पाहिली. बालवाडीची लेकरं केव्हाच घरी गेली होती. थांगाने पलंगाखालून एक ट्रंक ओढली, उघडली आणि काही न भरता तशीच ठेवली. मुलगी चिंचोके मोजता मोजता चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. फाटकावर कुणीतरी गाडीचा हॉर्न उगाच दाबत होतं. पुईने भात टाकायला घेतला. सवयीने तिची एक मूठ बाजूच्या डब्याकडं गेली आणि तिथंच थबकली. बोटांतून दाणे गळत राहिले. तिकडून निरोप आलाय, ती म्हणाली, की आता तिच्या गावच्या बाया दोन्ही वेळेला शेषाबाईच्या नावाने मूठ काढतात.

जेवायला भात आणि बाइ (तेल-फोडणीशिवाय उकडलेली पालेभाजी). मी माझ्या भाकऱ्या सोडल्या. पालेभाजी अंबाडीची होती, आणि भाकरीबरोबर चांगली लागत होती. 

दीड-दोन तासांनी गाडीचा आवाज आला. शेषाबाई उतरून सरळ शेडात गेली. दत्ता हापशावर गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. मग फाटकाशी जाऊन त्या तिघांना म्हणाला, "जावा घरी. बाटली-बिटली न्हाय कुनी. आमच्या घरातली गोष्ट हाय." एकाने विचारलं, मग कागदात काय होतं? दत्ता म्हणाला, "तुझ्या आईचं नाव न्हाय त्यात. जा." ते थोडा वेळ घुटमळले आणि गेले.

तो ओट्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. "मला बहीण व्हती एवढं म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "म्या दोनाचा, ती पाचाची. फोटू न्हाय, काय न्हाय. आई तिचं नावच घेत नव्हती. आज घेतलं." नंतर कितीतरी वेळ तो बोटाचं ऑइल खरवडत राहिला. "म्हनली, दोघं एकदम उचलता येत नव्हती. परत फिरली तवर भितच न्हाय राहिली." मग तो उठून आत गेला आणि थांगाला म्हणाला, बालवाडीवरचा पत्रा उचकटलाय, उद्या बसवतो. उघडी ट्रंक त्याने पाहिली होती. त्याने ती पायाने पलंगाखाली सारली.

निघण्याआधी मी आणि पुई शेडात गेलो. शेषाबाईने पुईला सांगितलं, खोली सोडायची नाही, पण माझं नाव काढून टाक. पुई म्हणाली, लिहिते, आजच लिहिते. पण त्या बाया विचारतील की मूठ कुणाच्या नावानं काढायची. आणि तिने तांदळाचं सगळं सांगितलं. शेषाबाईला ते माहीत नव्हतं.

"रोज?" तिने विचारलं. "वळख ना पाळख, त्या बाया?"

"रोज. दोन वेळा."

 मघाशी सांडलेली तूर तिने गोळा करून आणली होती; तिच्यातले खडे ती एक-एक करून काढत राहिली.

"मग तिच्या नावानं काढा म्हनाव," ती म्हणाली. "नुसतं नाव. बाकी काय लिवायचं न्हाय." आणि तिने नाव सांगितलं. पुईने ते दोनदा म्हणून दाखवलं, उच्चार बरोबर येईपर्यंत.

परतीच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. ती हलकी झाली होती आणि मी नाही. जळकोटला वडील पहिलं पान मोकळं ठेवून बसले होते. पत्र आणलं नाही म्हटल्यावर ते चिडले. पुरावा हातचा सोडतात का, म्हणाले. मी त्यांना शेषाबाईचा प्रश्न सांगितला, तिच्याच शब्दांत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते पान बाजारभावाच्या कोष्टकांनी आणि जाहिरातींनी भरून काढलं.

माझं मत बदललं आहे असं समजू नका. दुसऱ्याच्या मनात अंधार आहे हे परस्पर ठरवून दिवा घेऊन निघणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि राहील. पुईलाही मी हे सांगितलं. ती म्हणाली, ये आणि भांड. पण गेल्या अंकातला 'परदेशी' हा शब्द मी मागे घेते. आणि सास्तूरला न जाता सास्तूरवर लिहिलं, याची माफी मागते.

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा सास्तूरला गेले. बालवाडीवर नवा पत्रा होता. शेडात बसून मी शेषाबाईला हे सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि विचारलं, छापू का? तुमचं नाव बदलू का? ती म्हणाली, दत्त्याला कळू नये एवढंच होतं, ते आता कळलंय, छाप माझ्या नावानं. एकाच जागी तिने मला थांबवलं. मुलीचं नाव मी लिहिलं होतं. ते काढ, म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, तिकडं पुईच्या गावी तर ते रोज दोन वेळा घेतलं जातंय.

"तितं घेऊ दे," ती म्हणाली. "तितं तिला कुनी न्हाय. हितं हाक माराय म्या हाय."