दांडीवरचं वजन

"टाकी मागं सरकवा, अण्णा. तोंड आपोआप हलकं हुतंय," मिस्त्री गाडीखालून म्हणाला.

तो पप्पांशी बोलत होता. मी वर, चाकांवरच्या त्या नव्या खोलीत, खिडकीच्या पडद्याचं माप घेत होते. खाली नुसतं प्लायवूड होतं, त्यामुळे खालचा प्रत्येक शब्द वर येत होता. मी टेप गुंडाळली आणि तशीच उभी राहिले. टाकी मागे सरकवायची नसते, हे मला माहीत होतं. पप्पा म्हणाले, "व्हय, तसंच करू," आणि पान्यांचा आवाज सुरू झाला.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं. तिचं माहेर हुमनाबादच्या पुढे. दोन वर्षं ती तिकडे गेली नव्हती. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती "मी न्हाय येत, तुम्ही जावा" म्हणाली आणि भांडी घासायला बसली, जे डॉक्टरांनी करू नको म्हणून सांगितलं होतं. त्याच आठवड्यात पप्पांनी मोबाइलवर कुणाची तरी जीपमागे ओढायची खोली पाहिली. नळदुर्गला हायवेच्या कडेला ज्या वेल्डिंगच्या दुकानात आमच्या उसाच्या ट्रॉल्या बनल्या, तिथेच त्यांनी तशी खोली बनवायला टाकली. दोन चाकं, पत्र्याच्या भिंती, पुढच्या बाजूला पाण्याची टाकी आणि कपाट, मागच्या बाजूला गादी. आई झोपून माहेरी जाणार होती.

माझ्याकडे काम आलं ते इंग्रजीचं. आमच्या घरात इंग्रजी शाळेत मी एकटीच गेले, आणि त्याचा उपयोग म्हणजे औषधाच्या डबीवरचं, मोटरच्या खोक्यावरचं, बँकेच्या फॉर्मवरचं वाचून दाखवणं. वाचून झालं की माझं काम संपायचं. मला काय वाटतं हे कुणी विचारत नसे, आणि मीही सांगत नसे. दुकानात चार माणसांत तोंड उघडलं की माझी मराठी मलाच परीटघडीची वाटायची.

खोली जीपमागच्या नुसत्या लोखंडी गोळ्यावर जोडली तर तिच्या पुढच्या दांडीचं सगळं वजन जीपच्या मागच्या चाकांवर येतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. म्हणून पप्पांनी वजन वाटून देणारा हिच, म्हणजे जोडणीचा सांधा, घ्यायचं ठरवलं. त्याला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या लांब सळया असतात. साखळीने त्या ताणल्या की त्या मागचं थोडं वजन उचलून जीपच्या पुढच्या चाकांकडे देतात, थोडं खोलीच्या स्वतःच्या चाकांकडे. सळया वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. दांडीवर जेवढं वजन, त्या मापाच्या घ्यायच्या. कमी ताकदीच्या घेतल्या तर उपयोग नाही, फार जास्त घेतल्या तर गाडी आदळते.

"दणकटातल्या दणकट घ्या की," मिस्त्री म्हणाला होता.

"तसं नसतं. मापात घ्यायच्या. वाच गं," पप्पा म्हणाले. मी हिचच्या माहितीचा इंग्रजी कागद वाचून दाखवला.

वजन आडतीवरच्या सोयाबीनच्या काट्यावर केलं. दांडी काट्यावर टेकवली, सत्तर किलो भरली. खोली तेव्हा रिकामी होती. कागदावर स्पष्ट होतं की सगळं सामान भरून, टाकीत पाणी घेऊन मोजायचं. मी म्हणाले, "भरून मोजायचं असतं." पप्पा फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे वळून "काय?" केलं. हमाल, आडत्या, मिस्त्री सगळे बघायला लागले.

"काही नाही," मी म्हणाले.

त्याच कागदावर तळाशी आणखी एक ओळ होती. गाडी चालू असताना आत माणूस बसवू नये. ती मी घरी आईसमोर वाचत होते. आई त्या वेळी गादीवर कोणती चादर घालायची ते ठरवत होती. मी ती ओळ सोडून पुढची वाचली.

सत्तर किलोच्या हिशेबाने सळया आल्या. मग टाकीत पाणी भरलं, कपाटात भांडी गेली, गॅस पुढे बसला, आहेराच्या पेट्याही पुढेच रचल्या. जीप मागून बसली. दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. आणि तेव्हा मिस्त्री खाली शिरला आणि टाकी मागे सरकवा म्हणाला.

यात त्याची चूक म्हणावी तर त्याने तीस वर्षं हेच पाहिलं होतं. आमच्याकडे उसाची ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. मग मोळ्या मागे ओढतात, नाहीतर दोन माणसं बॉनेटवर बसवतात, आणि ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत डुलत जातो. पप्पांचीही सगळी उमेदीची वर्षं त्या ट्रॉल्यांवर गेली. कुणी कधी पडलं नाही, कारण ट्रॅक्टर सायकलच्या वेगाने जातो. जीप तशी जात नाही, आणि दांडी हलकी पडली की वेगात मागची खोली हेलकावे खाते, हे मी त्याच कागदावर वाचलं होतं.

टाकी मागे गेली, गॅस मागे गेला, पेट्या गादीखाली गेल्या. जीप सरळ झाली. मिस्त्रीने दांडी सोडवून मला हाक मारली. "ताई, हिकडं या. उचलून बघा."

मी एका हाताने धरली. वर आली.

"बघा! पोरीनं उचलली!" पप्पा हसले. "इंग्लिश शाळेत खाऊ घातलेलं वाया न्हाय गेलं."

"आता सळयाबी नगं ताणाय. नुसत्या शोभंला ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाला. दुकानातले सगळे हसले. मीही हसले. माझ्या हातात ती दांडी इतकी हलकी होती की मला तिचीच भीती वाटली. आईची गादी अजून रिकामी होती. ती झोपली की मागे आणखी साठ किलो जाणार होते.

दुपारी रस्त्यावर नेऊन पाहायचं ठरलं. पप्पा जीप चालवायला, शेजारी मिस्त्री, मागच्या सीटवर मी. उमरग्याच्या दिशेने निघालो. चाळीसच्या वेगात काही कळलं नाही. साठला मागून एक बारीक धक्का येऊ लागला, कुणी पदर ओढावा तसा. मी वळून काचेतून बघत बसले. उतार लागला, पप्पांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला नाही, आणि एक कंटेनर हॉर्न न वाजवता आमच्या उजवीकडून गेला.

खोली आधी त्याच्याकडे ओढली गेली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. मागच्या काचेत एकदा तिची एक भिंत दिसायची, एकदा दुसरी. जीपचं बूड तिच्याबरोबर सरकत होतं. आत कपाटाचं दार उघडून भांडी पडली, ती ऐकू आली. पप्पांनी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढला. ती चार-पाच वेळा हेलकावली आणि शांत झाली. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर आमची दोन चाकं गेली होती.

पप्पांनी जीप परत पट्टीच्या आत घेतली.

"पत्रा वारं घेतोय," मिस्त्री म्हणाला.

"व्हय. वारंच," पप्पा म्हणाले.

बाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं. पुढच्या ढाब्यावर त्यांनी चहा घेतला आणि पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले. परत येताना त्यांनी तीसच्या वर वेग नेला नाही.

घरी आई दारातच उभी होती, कमरेला पट्टा बांधून. "कशी चालली?"

"लोण्यागत," पप्पा म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती. ते मला विचारत होते, किंवा विनवत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत जाऊन सांडलेली भांडी परत कपाटात लावली आणि दाराला सुतळी बांधली.

सकाळी शेजारच्या काकूंनी गाडीला कुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला. "माहेराला निघाली व्हय महाराणी, पलंगासकट!" त्या म्हणाल्या. आईने इरकल नेसली होती. तिला वर चढवायला दोघींना हात द्यावा लागला. गादीवर आडवी झाल्यावर तिने पडदा सरकवून बाहेर पाहिलं आणि हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पप्पांनी सळयांच्या साखळ्या ओढून बघितल्या, दांडीवर तळवा ठेवून दाबलं, आणि पुन्हा दाबलं. मग कुणाकडेही न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

"दार लाव गं बाहेरनं," ते म्हणाले. "कडी नीट बसव."

कडी नवीन होती, तिला अजून ग्रीस होतं. मी ती अर्धी सरकवली. आतून आई काकूंना सांगत होती की संध्याकाळच्या आत पोचून ती नवरीच्या हाताला मेंदी लावणार आहे. जीप सुरू झाली. पत्रा माझ्या हाताखाली थरथरायला लागला. काकू बघत होत्या, त्यांच्या सुना बघत होत्या, रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून बघत होते. मी कडी मागे ओढली, दार सताड उघडलं आणि जीपच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"आई, खाली उतर. काल ही खोली उतारावर पार इकडून तिकडे झोकांड्या खात होती आणि पप्पांनी तुला सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही."