खालची माती

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच. कॉलेजात निबंधाला बरे गुण पडतात, एवढ्यावर घरातलं लोकांपुढे मांडावं का? पण आजोबांना जे तोंडाने सांगायचं मला धाडस झालं नाही, ते कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

किल्लारीपासून थोडं आत, आमच्या शेताच्या कडेला तीन दगडी घरं होती. भूकंपानंतर भावकी नव्या गावात सिमेंटच्या घरांत राहायला गेली आणि ही घरं अर्ध्या भिंतींवर तशीच उभी राहिली. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी त्या भिंती दगड दगड करून पुन्हा रचल्या. माझे वडील, अण्णा, तेव्हा पोरगेसे होते. ते दगड आणून द्यायचे, आबा बसवायचे. वर पुन्हा माळवदच घातलं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर.

भूकंपात आबांची आई आणि दोन बहिणी गेल्या. त्या भूकंपाने गेल्या असं ते कधी म्हणत नाहीत. मातीने गेल्या, म्हणतात. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची रीत होती. खालची कुणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेला आणि एका हादऱ्यात सगळा खाली आला. "घराचं काय चुकलं?" आबा म्हणायचे. "कंटाळा आपला हुता." म्हणून आमच्याकडे नियम एकच. नवी माती टाकायची तर आधी जुनी काढायची.

पुढे अण्णांनी तिथे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. लातूरचे, पुण्याचे, हैदराबादचे लोक सुट्टीला यायचे. माय धपाटे करायची. गावातले अण्णांना चिडवायचे, "काय रं, थडग्यात पाहुणे निजवून राहिलास का?" अण्णा हसून म्हणायचे, "ये की एक दिस, तुला बी निजवतो." एकदा एका बाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात घर गार कसं? आबा म्हणाले, "माती हाय बाई. नीट ठिवली तर गारच असती."

यंदा उन्हाळ्यात अण्णांची कंबर धरली. आबांना शिडी चढवत नाही. मी सुट्टीला नांदेडहून आलो होतो, म्हणून मधल्या घराचं माळवद माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी कडेची माती खरवडून खाली टाकली. दुसऱ्या दिवशी हात सोलले. शनिवारी पाहुणे येणार होते आणि त्यानंतर लगेच माझी परीक्षा. खरं सांगायचं तर परीक्षा हे निमित्त होतं. एवढं शिकून पुन्हा टोपलंच उचलायचं का, असं मनात आलं. मधली माती मी तशीच ठेवली, वर नवी पसरून बडवली. वरून अगदी छान दिसत होतं.

आबा खाली खाटेवर बसले होते. "खालची काढलीस का रं?"

"हाव आबा."

"समदी?"

"समदी."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पावसाळ्यात नांदेडला आणि गावाकडेही झड लागली. वर्गात बसलो तरी मला पाणी पिऊन जड झालेली माती दिसायची. पहिल्या दिवशी फोन हातात घेतला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी लावला.

"अण्णा, मधल्या घरात कोण हाय?"

"लातूरचे पाहुणे. दोन लेकरं हायत संगं. कामून?"

"त्यांना बाहेर काढा. मी खालची माती काढली न्हवती."

 तेवढ्यात फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. स्टँडवर गेलो, तर पुढे ओढ्याला पूर आल्याने गाडी सुटणार नव्हती. दोन दिवस मी तिथे आणि होस्टेलवर असा फिरत राहिलो. त्या लेकरांचं वय किती असेल, हे मी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवरून माय बोलली. पाहुणे सुखरूप होते. अण्णांनी भर पावसात त्यांना शाळेत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मधली तुळई मोडली आणि माळवद खाली बसलं.

"आबा?" मी विचारलं.

"आबांनी पडलेली माती हातात घिऊन बघितली, खालची जुनीच निघाली. म्हणले, ज्याला माती काढायचा कंटाळा हाय त्यानं दुसऱ्याची लेकरं निजवू न्हाई. तुझ्या अण्णाला म्हणले. आता बाकीच्या दोन घरांची माळवदं बी उतरवायला लावलीत. हितं पाहुणा ठिवायचा न्हाई म्हणले."

"अण्णाला कामून? अण्णांनी सांगितलं न्हाई का, मी..."

"न्हाई सांगितलं." माय म्हणाली. "म्हणले, मधली ऱ्हाऊ दे असं पोराला मीच सांगितलं हुतं. तवापासून आबा त्यांच्याशी बोलत न्हाईत. तू बी काही बोलू नकोस आता. अण्णांनी शपथ घातलीय."