गोठ्यातली जीप

कसबा बावड्यातल्या बायडाबाईंनी आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे लोखंडी कपाट. तेही दारं दहा वेळा उघडून-मिटून, आतल्या आरशात तोंड बघून घेतलेलं. त्यामुळं हॉलंडात बसून कोल्हापुरात जीप घ्यायची हे मुलाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले.

सम्राट त्यांचा एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी तो नोकरीला हॉलंडात गेला आणि मोनाशी लग्न करून तिथलाच झाला. तो देश तव्यासारखा सपाट. चढ असा फक्त पुलावर. वर्षातून वीस दिवस तो सुट्टीवर यायचा आणि त्यातले दहा दिवस दोस्तांच्या जीपमधून गगनबावड्याकडच्या रानवाटा तुडवायचा. पण गाडी दोस्ताची, म्हणून बसायचं मागं. मागं बसून बसून त्याच्या मनाला लागलं. आपलीही जीप हवी, दगडावर चढणारी, चिखलातून चारी चाकांनी बाहेर येणारी, आणि हवी ती कोल्हापुरातच बनलेली. उद्यमनगरात शहजाद नावाचा मेस्त्री जुन्या जीपा पार सांगाड्यापर्यंत सोडवून नव्यानं उभ्या करायचा. सम्राटनं त्याच्याशी फोनवर ठरवलं, आणि बघायला जायचं काम आईवर टाकलं.

मग दर रविवारी मटण आणून, फोडणीला टाकून, कुकरच्या शिट्ट्या शेजारणीच्या हवाली करून बायडाबाई रिक्षानं उद्यमनगर गाठायच्या. हातात फोन धरून जीपभोवती प्रदक्षिणा घालायच्या. तिकडून सम्राट म्हणायचा, जरा खाली, अजून खाली, आता डावीकडं. गुडघे धरून त्या गाडीखाली वाकायच्या. एकदा वाकल्या त्या उठवेनात, तेव्हा शहजादनं आणि वेल्डरनं मिळून त्यांना उभं केलं. सम्राटला वाटलं फोन बिघडला.

रंगाचा घोळ तर तीन रविवार चालला. सम्राटनं हिरव्या रंगाचा नंबर पाठवला होता. शहजादनं पत्र्यावर नमुना मारला की फोनवर तो निळा दिसायचा. शेवटी बायडाबाईंनी पोराला विचारलं, पालकाचा हिरवा पाहिजे का मेथीचा? तो म्हणाला, जरा काळपट. तेव्हा त्यांनी येताना शेपूची जुडी आणली, दुपारपर्यंत बॉनेटवर उन्हात ठेवली आणि ती कोमेजली तसं शहजादला सांगितलं, "हा रंग." तो तंतोतंत जमला.

एवढं सगळं त्या करत होत्या, पण मनातून त्यांना ती जीप नको होती. कारण शेवंता.

शेवंता त्यांची म्हैस. घराला अंगण होतं ते हातभर, आणि जीप राहील अशी जागा एकच, ती म्हणजे शेवंताचा गोठा. सम्राटनं नकाशाच काढून पाठवला होता. गोठ्यात फरशी करायची, पुढं शटर लावायचं आणि दिवाळीच्या पाडव्याच्या आत म्हैस विकून टाकायची. आई, या वयात शेण काढतीस, लोकं काय म्हणतील, असंही वर होतं. बायडाबाई म्हणाल्या, "बघू."

त्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नवरा बाळासो हयात असताना बायकोनं बघू म्हटलं की तो विषय पुन्हा काढायचे नाहीत. पण अकरा वर्षं परदेशात राहून सम्राट ते विसरला होता. त्याला वाटलं, आई बघतेय. त्यानं पेठ वडगावच्या केरबा व्यापाऱ्याला म्हैस बघायला येण्याची तारीखसुद्धा देऊन टाकली.

जीप तयार होत आली तेव्हा शहजादच्या ध्यानात आलं की हॉर्न राहिलाय. टायर, दिवे, दोर ओढायचं यंत्र, सगळं सम्राटनं नावानिशी लिहून दिलं होतं. हॉर्नबद्दल त्यात अक्षर नव्हतं. शहजाद म्हणाला, नवा आणतो. बायडाबाईंना घरात असलेली वस्तू विकत आणलेली कधी सोसली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला हॉर्न काढला. बाळासोंच्या मोटारसायकलचा. बाळासो चार वर्षांपूर्वी गेले, मोटारसायकल भंगारात गेली, पण हॉर्न त्यांनी माळ्यावर जपून ठेवला होता.

"मावशी, मोटारसायकलचा हॉर्न जीपला? लोक हसतील की," शहजाद म्हणाला.

"वाजतोय न्हवं? मग हसू देत."

वाजत होता. सर्दी झालेल्या माणसानं लांबून हाक मारावी तसा.

दसऱ्याला जीप दारात आली. बायडाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. शहजादनं गाडी पुढं घेऊन लिंबं चिरडली आणि शकुनाचा म्हणून हॉर्न दाबला.

गोठ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. दाव्याचा तुकडा गळ्यात घेऊन शेवंता बाहेर आली, ताटातल्या पेढ्यांवरून उडी मारून गेली आणि जीपच्या मागं, बंपरला नाक लावून उभी राहिली. शेपटी वर, कान ताठ.

बायडाबाईंच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. बावड्यात पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि मालक मोटारसायकलवर पुढं. नुसत्या त्या गाडीच्या आवाजावर म्हैस मागं धावत सुटते, ना दावं, ना काठी. बाळासोंनी शेवंताला रेडकू असल्यापासून तयार केलं होतं. त्यांच्या हॉर्नच्या मागं ती नदीपर्यंत जायची आणि गाडी थांबली की थांबायची. ते गेल्यावर चार वर्षांत तिनं पाय उचलून पळणं म्हणून केलं नव्हतं. हॉर्न पिशवीत घालताना बायडाबाईंना यातलं काही आठवलं नव्हतं, हे खरं. आता आठवलं, आणि त्या दिवशी सम्राटला जीपचे चाळीस फोटो पाठवले त्यातल्या एकाही फोटोत त्यांनी म्हैस येऊ दिली नाही, हेही तितकंच खरं.

बॅटरी उतरू नये म्हणून एक दिवसाआड जीप फिरवायची, असा सम्राटचा हुकूम होता. तो त्यांनी कधी नव्हे इतक्या निष्ठेनं पाळला. शहजाद संध्याकाळी यायचा, बायडाबाई पदर खोचून शेजारी बसायच्या आणि जीप नदीकडं निघायची. मागून शेवंता. येताना मागच्या सीटवर वैरणीचा भारा. शहजादला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की पोराला कळवायची गरज न्हाय, कामात असतोय तो.

पाडव्याच्या आधी चार दिवस सम्राट एकटाच आला, पोरांच्या शाळेमुळं मोना तिथंच राहिली. आल्या आल्या त्यानं जीपवरून हात फिरवला. शेपूचा रंग बघून तो खूश झाला. सीटवरची वैरणीची काडी त्यानं उचलून टाकली, पण विचारलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर कारखान्याजवळ दोस्त वाट बघत होते. बायडाबाईंनी शेवंताला बांधून ठेवलं होतं. किती घट्ट, ते त्यांनाच ठाऊक.

सम्राटनं कोपऱ्यावर हॉर्न दिला.

पुढचं त्यांनी डोळ्यांनी बघितलं नाही, पण अर्ध्या तासात पाच जणांनी येऊन सांगितलं. जीप पुढं, म्हैस मागं. सम्राटला वाटलं योगायोग, म्हणून त्यानं वेग वाढवला. शेवंतानंही वाढवला. तिला हटवायला त्यानं हॉर्नवर हॉर्न दिले, तशी ती जास्तच उमेदीनं आली. कारखान्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर थांबले, लोक शिट्ट्या मारायला लागले. दोस्तांपुढं येऊन त्यानं कचकन ब्रेक लावला, तर शेवंता शहाण्यासारखी थांबली आणि तिनं मागच्या सीटवर तोंड ठेवलं. दोस्तांनी विचारलं, गगनबावड्याला हीपण येणार का? सम्राट दहाच्या वेगानं घरी परत आला.

"आई, ही म्हैस आजच गेली पाहिजे," तो म्हणाला.

केरबा व्यापारी दुपारी टेम्पो घेऊन आलाच. जाडजूड, फेटा बांधलेला, तोंडात पान. त्यानं शेवंताची पाठ चाचपली, कास बघितली, मान डोलावली. बायडाबाई चहाच्या निमित्तानं आत गेल्या आणि गॅसच्या शेगडीलाच चुलीसारखी उगाच फुंकर घालत उभ्या राहिल्या. चार वर्षं त्या घरात रोज बोलत होत्या ते शेवंताशीच. हॉलंडचा फोन रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस कुणाशी बोलायचं, हे पोराच्या नकाशात कुठं दाखवलेलं नव्हतं.

बाहेर टेम्पो लावायला जागा होईना. सम्राट जीप हलवायला बसला. जीप मागं घेताना टेम्पोचा ड्रायव्हर आडवा आला, आणि सम्राटनं सवयीनं हॉर्न दाबला.

केरबाच्या हातातल्या दाव्याला हिसका बसला, त्याबरोबर दोन पावलं केरबाही ओढला गेला आणि दावं सुटलं. शेवंता जीपच्या मागं हजर. सम्राट गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तीही गेली. परत आला, तीही आली. केरबानं पान थुंकून शांतपणे फेटा सारखा केला.

"पावणं," तो सम्राटला म्हणाला, "ही न्यायची तर गाडीबी न्यावी लागंल. गाडीचं काय सांगता?"

स्वतःच्या दारात पावणं म्हणवून घेऊन सम्राटचं तोंड लाल झालं. केरबा बायडाबाईंकडं वळला. चहा बशीत ओतून म्हणाला, "वहिनी, असलं जनावर इकू नये." आणि मोकळा टेम्पो घेऊन निघून गेला.

सम्राटनं पाना घेतला आणि जीपचं बॉनेट उघडलं. हॉर्न काढून टाकायचा, दुसरा बसवायचा, उद्या व्यापारी दुसरा. बायडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. दोन नट फिरवून त्याचा हात थांबला. हॉर्नच्या वाटीला एक मोठा पोचा होता आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. सातवीत असताना वडिलांची मोटारसायकल चोरून चालवताना त्यानं ती विहिरीच्या कट्ट्यावर घातली होती, आणि उडालेला रंग लपवायला आईच्या फणेरपेटीतली बाटली आणली होती.

"हा आबांचा?"

"व्हय. चांगला हाय की अजून. नवा कशाला घ्यायचा?"

त्यानं अंगठ्यानं ठिपक्यावरची धूळ पुसली. मग सैल केलेले नट त्यानं परत आवळले. पोरानं आवळलेलं म्हणून बायडाबाईंनी नंतर गुपचूप पान्यानं एकेक पीळ आणखी दिला.

पाडव्याला बावड्यातल्या रस्त्यावर साठ-सत्तर मोटारसायकली होत्या आणि एक जीप. शेवंताच्या शिंगांना मोरपिसं, अंगाला तेल. जीप सम्राट चालवत होता, शेजारी बायडाबाई दांडा घट्ट धरून. अर्धी वाट झाल्यावर सम्राट आपोआप हॉर्न द्यायला लागला, तीन आखूड, एक लांब. बाळासो द्यायचे तसा. बायडाबाईंनी पदर तोंडाशी नेला, धुरळा फार होता. बक्षीस काही मिळालं नाही. जीपच्या मागं म्हैस, असा गटच नव्हता.

सम्राट परत गेला. जीप आता अंगणात ताडपत्रीखाली असते, निम्मी आत, निम्मी गल्लीत. मागच्या रविवारी त्याचा फोन आला. पावसाळ्याच्या आत जीपला शेड करायला पाहिजे, म्हणाला. न्हाणीची भिंत पाडली आणि गोठा हातभर मागं सरकवला तर बरोबर बसतंय.

"बघू," बायडाबाई म्हणाल्या.

तिकडं मग सम्राट हसला आणि म्हणाला, "बरं. वैरण हाय का पुरेशी?"