सावित्रीचं काम

समता शिकवावी ती सुमंगलाबाईंनीच. चवदार तळ्याचा धडा त्या पुस्तक मिटून शिकवायच्या, आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची. रोज गंगाखेडहून एस.टी.नं यायचं, फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं. एकोणीस वर्षांत त्या कधी उशिरा आल्याचं कुणाला आठवत नाही. बाई मनानं चांगल्या होत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते काही वाईट माणसाच्या हातून झालं नाही.

चौथीतली नीलम त्यांची लाडकी. तिचे आईबाप दरसाल दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि पोरीलाही न्यायचे. उन्हाळ्यात परत आली की पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. यंदा बाई स्वतः गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवर गेल्या. बाप, धम्मपाल, कोयत्याला धार लावत बसला होता.

"पोरीला आजीपाशी ठेवा. तिची जबाबदारी माझी," बाई म्हणाल्या.

धम्मपालनं कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या शब्दावर ठिवतो, बाई."

नीलम राहिली, आणि दिवाळी सरली तशी धडाधडा वाचायला लागली.

तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. बाईंनी छोटंसं नाटक बसवलं. सावित्रीबाई शाळेत निघाल्यात, लोक शेण फेकतायत, त्या काही मागं फिरत नाहीत. आता अंगावर शेण घ्यायचं काम करणार कोण? पाटलांच्या मुलीनं नाही म्हणून मान हलवली. किराणा दुकानवाल्यांकडून निरोप आला, आमच्या पोरीला दुसरं काहीतरी द्या. मग बाईंनी नीलमला विचारलं. ती हरखून गेली. आपल्याला सावित्रीबाई व्हायला मिळतंय, एवढंच तिला कळलं. फेकणारी सगळी पोरं गावातली आणि अंगावर घेणारी वस्तीवरची, हे बाईंच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तालमीत कागदाचे बोळे होते. जयंतीच्या दिवशी सातवीतल्या पोरांनी गोठ्यातलं खरं शेण आणलं. आजीचं नऊवारी गुंडाळून, पाटी छातीशी धरून नीलम निघाली आणि पहिला गोळा तिच्या गालावर बसला. "घरी जा" असं नाटकातलं वाक्य होतं. पोरं ओरडली, "वस्तीत जा." मांडवात हशा पिकला. नीलम जागच्या जागी थांबली आणि तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंना वाटलं, पोरगी वाक्य विसरली. त्यांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, चल पुढं, छान चाललंय. नीलमनं आपलं वाक्य म्हटलं आणि नाटक पुरं केलं. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, अगदी जिवंत सादरीकरण.

'वस्तीत' हा शब्द बाईंच्या कानावर पडला होता. पण तो त्यांना नीट ऐकू आला तो परतीच्या एस.टी.त बसल्यावर.

दोन दिवस नीलम आली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वस्तीवर गेल्या. आजी, नर्मदाबाई, अंगणात तूर बडवत होती.

"नीलम कुठंय?"

"टोळीच्या मुकादमाची जीप चालली व्हती. धाडली मायबापाकडं. तिथं मोळ्या बांधंल."

"आजी, तिला परत बोलवा. त्या पोरांना मी शिक्षा करते, तुमच्यासमोर माफी मागायला लावते. पोरगी लय हुशार आहे हो. तिचं वर्ष जाईल."

"पोरांचं काय घिऊन बसलाव. त्यास्नी घरात जे शिकिवलं ते त्यायनी केलं. शेण काय, धुतलं की गेलं." म्हातारीची काठी थांबली. "पर पोरगी जीपमधी बसस्तोर मला एकच इचारायलती. बाईंनी टाळ्या कामून वाजवल्या म्हणून. मला काय सांगता येईना. तुमी सांगा."

बाईंकडं उत्तर होतं. माझ्या लक्षातच आलं नाही, एवढंच ते होतं. इतकी वर्षं फळ्यासमोर बोललेल्या त्या बाईच्या तोंडून तेवढं निघेना.

म्हातारीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा तूर बडवायला घेतली.