उजनीच्या गाळात साठ जणांचा पास्ता

इंदापूरच्या बाजारातून दोन क्रेट टोमॅटो, पिशवीभर मोसंबी आणि लिंबं घेऊन आम्ही उजनी धरणाच्या फुगवट्याकडे निघालो. माझी मैत्रीण रूपाली हिचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात आणि तिची सगळी भावकी तिथं जाऊन जेवते. यंदा पोरांनी पास्ता मागितला होता. साठ माणसांचा. मी हो म्हणून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला!

भेगाळलेल्या गाळातून चालताना भर दुपारीही माझ्या अंगावर काटा आला. उंबरे होते, दारं नव्हती. एकही पाखरू ओरडत नव्हतं. रूपालीचे आजोबा, तात्या, एका जोत्यावर बसले होते.

"हितं तिची चूल हुती," ते म्हणाले.

ती म्हणजे त्यांची बायको. धरणाचं पाणी चढण्याआधी याच घरात बाळंतपणात गेली. दरवर्षी तात्या पहिलं ताट त्या चुलीच्या जागी ठेवतात, "कसं झालंय?" असं विचारतात आणि परत येतात. इतक्या वर्षांत उत्तर नाही.

थोड्या अंतरावर दगड मांडून मी सॉस चढवला: टोमॅटो, लसूण, मोसंबीचा रस, लिंबाची किसलेली साल. पळी तोंडाजवळ नेली तोच रूपालीची आई ओरडली, "आवं ताई, चव नगा घिऊ! निवद (नैवेद्य) जायचाय अजून." मी पळी खाली ठेवली. आंबट सॉस न चाखता करायचा म्हणजे डोळे मिटून सुई ओवायची.

तात्या ताट घेऊन गेले. रीतीप्रमाणे आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो. बराच वेळ गेला. ते परतले ते थेट माझ्यापाशी आले.

"मीठ न्हाय म्हणती."

मी धावत जाऊन सॉस चाखला. मीठ खरंच विसरले होते, पास्त्याच्या पाण्यातसुद्धा. मग चुलीच्या जागी जाऊन ताटाकडे पाहिलं. वर ठेवलेलं तुळशीचं पान जागचं हललं नव्हतं. एक घासही मोडलेला नव्हता.

मीठ घातलं, पंगत बसली. पोरं मिटक्या मारत होती.

निघताना विचारलं, "तात्या, पुढच्या वर्षी काय करू?"

"औंदा (यंदा) बोलली ती. आता पाणी न्हाय उतरलं तरी चालंल, पोरी."

पुण्यापर्यंत भीती होतीच, पण खरं सांगते, हेवाही वाटत होता. मी गेल्यावर माझ्या एका शब्दासाठी असा गाळ तुडवत ताट घेऊन येईल, असं एकही नाव मला आठवलं नाही.