पुस्तकात नसलेलं झाड

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पन्नास रानझाडं गोळा करायची होती. वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठीवर लॅटिन नाव लिहायचं. माझं घर माले गावात, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणून सरांनी वसतिगृहात राहणारा, बीडकडचा एक मुलगा माझ्या जोडीला दिला.

त्याला झाडं ओळखता येत नसत, पण नावं पटापट पाठ व्हायची. पहिल्याच रविवारी मी कळलावीचं फूल दाखवलं.

"ग्लोरिओसा सुपर्बा," तो म्हणाला. "म्हणजे ऐटदार. तुझ्यासारखी."

"विषारी असते ती."

"तेही माहीत आहे."

हसू दिसू नये म्हणून मी पुढे होऊन चढ चढू लागले.

तो दर रविवारी एसटीने यायचा. आई त्याला आग्रहाने भाकरी वाढायची आणि मला आत बोलावून विचारायची, "अजून किती झाडं राह्यलीत गं?" पन्नास कधीच झाली होती. मी सांगायची, "लई हायेत."

कागद जमा करायच्या आदल्या दिवशी एका कागदावर गवताचं साधं पातं दिसलं. खाली त्याच्या बारीक अक्षरात 'ते आमो'. मी पुस्तकाची सगळी सूची धुंडाळली. शेवटी कागद सरांकडे नेला.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "हे झाड पुस्तकात नाही. ज्याने आणलंय त्यालाच विचार. आणि हा कागद जमा करू नकोस."

तो व्हरांड्यातच उभा होता. कान लाल झालेले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, असा अर्थ होतो," तो खाली बघत म्हणाला. "मराठीत लिहायला हात धजेना."

"माझं उत्तर मराठीतच आहे," मी म्हटलं. "हो."

लग्नाला वडील वर्षभर तयार नव्हते. "बीड कुटं, आपुन कुटं!" एवढंच म्हणायचे. मग त्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि आईने त्यांना राजी केलं. आम्ही महाळुंग्यात घर केलं. त्याची कंपनीची गाडी सकाळी सातलाच यायची. रविवारी तो झोपून काढायचा, आणि मी उठवत नसे.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार दहाच्या पावसाळ्यात, आम्ही मालेच्या त्याच चढावर गेलो. अर्ध्या वाटेत कुणा बिल्डरने घातलेलं तारेचं कुंपण आलं. कुंपणाला धरून तो बराच वेळ वर बघत राहिला आणि दिसेल त्या झाडाचं नाव सांगत गेला. एकही नाव चुकलं नाही.