भरतीच्या माथ्यावर लावलेली सहा जहाजे

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझा भाचा राजवाड्यामागच्या गल्लीतील माझ्या घरी हस्तलिखित घेऊन आला. तो महाविद्यालयात इतिहास शिकवतो. बेटांवरील युद्धाविषयी त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. जहाजावर नोकरी केलेल्या माणसाची प्रस्तावना असल्याखेरीज प्रकाशक ते छापणार नव्हता. नौदलातील माझी नऊ वर्षे लँडिंग जहाजावर, म्हणजे थेट वाळूला लागून रणगाडे उतरवणाऱ्या जहाजावर, मागचा नांगर सांभाळण्यात गेली.

नकाशे देखणे होते. बाण तर इतके, की शत्रूने ते मोजता मोजताच शरण यावे. चौथ्या प्रकरणात त्याने रणगाड्यांनी भरलेली सहा जहाजे उधाणाच्या भरतीच्या ऐन माथ्यावर वाळूला लावली होती.

"हीच वेळ का?"

"पाणी भरपूर असतं ना, मामा. जहाज पार आत जातं. शिपायांचे पायसुद्धा भिजत नाहीत."

"मग?"

"मग रणगाडे उतरतात."

"मी जहाजाचं विचारतोय."

आमच्याकडे दक्षिणेत पाणी धरणातून सुटते, कालव्याला येते आणि पाळी संपेपर्यंत राहते. पापनाशमच्या भातशेतीत वाढलेल्या या विद्वानाने समुद्रालाही तीच शिस्त लावली होती. माथ्यावर लावलेले जहाज ओहोटीत कोरडे पडते आणि तितके पाणी पुन्हा चढायला पंधरवडा लागतो. तोवर ते जहाज नसते. शत्रूच्या तोफांपुढे बांधलेली इमारत असते. म्हणून ते चढत्या पाण्यात लावतात, आणि त्याआधी मागचा नांगर खोल पाण्यात सोडतात. परतताना जहाज त्याच्या दोरावर स्वतःला ओढून घेते. चारशे पानांत तो नांगर कोठेही नव्हता.

"अय्यो मामा, एवढ्यासाठी अडवू नका. आज प्रत गेली नाही तर पुस्तक गेलं. वाचणार कोण? आम्ही प्राध्यापकच."

"मग प्रस्तावनाही प्राध्यापकाचीच घे."

"तुम्ही शाळेतसुद्धा असेच होता, अम्मा सांगते."

"तुझी आई खरं सांगते. एकदा सरावात आमचं जहाज असंच रुतलं. ओढताना दोर तुटला. माझ्या शेजारचा माणूस घरी गेला नाही."

त्याने पेन उघडले. दुपारी दोनपर्यंत सहाही जहाजे दोन तास आधी किनाऱ्याला लागली, प्रत्येकाला मागचा नांगर मिळाला आणि अकरा बाण खोडले गेले. गद्य पूर्वीइतकेच वाईट राहिले. ते माझे काम नव्हते. मी चार ओळींची प्रस्तावना लिहिली, सही केली आणि हस्तलिखिताच्या पाकिटाला डिंक लावून ते बंद केले.